काचतंतू-प्लॅस्टिकच्या मोटारकाया : कापणी व छाटणीची हत्यारे

काचेचे केसाहून बारीक तंतू कृत्रिम राळेत बसवून तयार केलेल्या पदार्थास काचतंतू प्रबलित प्लॅस्टिक म्हणतात. कारखान्यांत तो ‘फायबर’ या सुटसुटीत नावाने ओळखला जातो. मोटारगाडीच्या कायेचे, म्हणजे बॉडीचे, भाग या पदार्थापासून साच्यात घडवितात. साच्यातून निघालेल्या भागाची कड ओबडधोबड असते. ती ठरलेल्या रेषेवर छाटणे. दिवे, कुलपे, आरसे इत्यादींसाठी भोके व झरोके पाडणे. आणि अपघातानंतर मोडका भाग कापून काढून त्या जागी नवा बसविणे, अशी तीन प्रकारची कापणी या कायांच्या बाबतीत करावी लागते. पोलादी पत्रा किंवा लाकूड कापण्याच्या सवयीने ही कामे केल्यास हत्यार लवकर बोथट होते, तुळतुळीत पृष्ठभागाचे टवके उडतात, आतील थर एकमेकांपासून सुटतात आणि कामगाराच्या श्वासात काचेची व राळेची धूळ जाते. यांपैकी पहिला दोष खर्चाचा, दुसरा दिसण्याचा, तिसरा बळकटीचा व चौथा आरोग्याचा होय. हत्याराची निवड करताना या चारही बाबींचा एकत्र विचार करावा लागतो.

इतिहास : काचतंतू औद्योगिक प्रमाणावर तयार करण्याच्या पद्धती अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात विकसित झाल्या व १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी स्थापन झाली. फारसा दाब न देता घट्ट होणाऱ्या पॉलिएस्टर राळा उपलब्ध झाल्यावर दुसऱ्या महायुद्धात विमानांतील रडारची आवरणे या पदार्थाची करण्यात आली. १९४६ मध्ये विल्यम स्टाउट या अमेरिकन अभियंत्यांनी काचतंतू-प्लॅस्टिकची काया असलेली प्रायोगिक मोटारगाडी तयार केली. १९५३ मध्ये जनरल मोटर्स या कंपनीने मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे शेव्हरोले कॉर्व्हेट या गाडीचे उत्पादन सुरू केले. त्या वर्षी ३०० गाड्या तयार झाल्या. त्यांच्या कायेचे भाग ओहायओ राज्यातील अ‍ॅशटाब्यूला येथील मोल्डेड फायबर ग्लास या कंपनीने पुरविले होते. इंग्लंडमध्ये लोटस कंपनीने १९५७ मध्ये प्रदर्शनात मांडलेल्या एलीट या गाडीत काचतंतूंची काया हीच भार पेलणारी रचना होती. टॅमवर्थ येथील रिलायंट कंपनीने याच पदार्थाच्या अनेक छोट्या गाड्या काढल्या. त्यांपैकी किटन या गाडीच्या आधारे बंगलोर (आताचे बंगळूरु) येथील सिपानी ऑटोमोबाइल्स या कंपनीने १९८२ मध्ये डॉल्फिन ही गाडी भारतात आणली. महाराष्ट्रात व गोव्यात हा पदार्थ मासेमारीच्या होड्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर दिसतो. पुढे वर्णन केलेली हत्यारे व त्यांच्या मर्यादा होड्यांच्या कामासही लागू पडतात.

पोलादी कायेचे भाग दाबयंत्रात घडवितात व त्यांच्या कडा त्याच कामासाठी केलेल्या ठशांनी एका दाबात छाटल्या जातात. हाताने घडविलेल्या काचतंतूच्या भागाला अशी सोय नसते. त्याची प्रत्येक कड स्वतंत्रपणे कापावी लागते. त्यामुळे या उद्योगात छाटणी हे दुय्यम काम न रहाता बराच वेळ व कौशल्य मागणारे काम झाले आहे.

पदार्थाची रचना : हाताने थर देण्याच्या पद्धतीत साच्याच्या आतील पृष्ठभागावर प्रथम रंगीत राळेचा सु. ०·५ मिमी. जाडीचा लेप देतात. त्यास जेलकोट म्हणतात. तो काहीसा घट्ट झाल्यावर त्यावर काचतंतूंच्या तुकड्यांची चटई अंथरून ती राळेने भिजवितात व रूळ फिरवून आतील हवा काढून टाकतात. असे दोन-तीन थर दिल्यावर २ ते ४ मिमी. जाडीचे कवच तयार होते. त्यात काचेचे प्रमाण वजनाने सु. २५ ते ३५ टक्के असते. भाग साच्यातून काढल्यावर जेलकोट बाहेरच्या बाजूस येतो. तो कठीण व चकचकीत असला, तरी त्यात काचेचे तंतू नसल्याने ठिसूळ असतो.

या रचनेमुळे कापणीच्या दृष्टीने तीन अडचणी निर्माण होतात. पहिली अडचण काचेची. साध्या पोलादाची धार काचेवर घासून झपाट्याने झिजते. उच्चवेगी पोलाद, म्हणजे कारखान्यात ज्याला ‘हायस्पीड’ म्हणतात ते, थोडा अधिक काळ टिकते. टंगस्टन कार्बाइड व हिरा हे मात्र काचेपेक्षा बरेच कठीण असल्याने दीर्घकाळ काम देतात. दुसरी अडचण राळेची. पॉलिएस्टर राळ एकदा घट्ट झाली की वितळत नाही. पण साधी राळ सु. ७०° ते १००° से. तापमानात मऊ पडू लागते आणि त्याहून पुष्कळ अधिक तापल्यास करपते. काचतंतू-प्लॅस्टिकची उष्णतावाहकता पोलादाच्या मानाने शंभराहून अधिक पटींनी कमी आहे. त्यामुळे कापताना निर्माण झालेली उष्णता पसरून न जाता कापाच्या जागीच साठते. तिसरी अडचण थरांची. तंतूंच्या दिशेने हा पदार्थ चांगलाच बळकट असला, तरी एका थराला दुसऱ्याशी धरून ठेवण्याचे काम केवळ राळ करते. हत्याराचा दात कवचाला उचलण्याच्या दिशेने ओढू लागला, की थर सुटतात. जेलकोट तर सर्वांत आधी उडतो.

या तीन अडचणींवरून निवडीचे सामान्य तत्त्व निघते. मोठ्या दातांनी ओरबाडणाऱ्या हत्यारापेक्षा कठीण कणांनी थोडे थोडे घासून नेणारे हत्यार श्रेयस्कर ठरते. जोर कमी व हालचाल जलद असावी, पण काप तापू नये. आणि कापणारी धार नेहमी जेलकोटकडून आतील थरांकडे जावी.

कच्च्या अवस्थेतील छाटणी : सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे धारदार सुरी. ती वापरण्याची वेळ मात्र साधावी लागते. राळेत उत्प्रेरक मिसळल्यानंतर ती प्रथम दाट होते, मग चामड्यासारखी चिवट होते व अखेर कठीण होते. चिवट अवस्थेत भाग साच्यातच असताना साच्याच्या कडेला टेकवून सुरी फिरविल्यास जादा भाग पुठ्ठ्याच्या पट्टीप्रमाणे कापला जातो. सुरी साच्याकडून बाहेरच्या दिशेने न ओढता कवच साच्यावर दाबले जाईल अशी चालवावी लागते. नाही तर कड साच्यापासून सुटून आत हवा शिरते. घाई केल्यास ओले तंतू सुरीबरोबर ओढले जातात. उशीर केल्यास सुरी चालत नाही. ही संधी किती मिनिटे टिकेल, हे उत्प्रेरकाचे प्रमाण, हवेचे तापमान व थरांची जाडी यांवर अवलंबून असते. उन्हाळ्यात ती पाहता पाहता निघून जाते. या अवस्थेत कोरडी धूळ होत नाही, हा मोठा लाभ होय. मात्र ओल्या राळेतून स्टायरीन या द्रवाची वाफ निघत असते, म्हणून वारा खेळता असणे आवश्यक असते.

हातकरवत : राळ पूर्ण घट्ट झाल्यावर कापण्यासाठी लोखंड कापण्याची हातकरवत, म्हणजे हॅक्सॉ, पुष्कळ छोट्या कारखान्यांत वापरतात. तिचे पाते निवडताना कवचाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असावेत, असा नियम आहे. एका इंचात २४ दात असलेल्या पात्यात दोन दातांमधील अंतर सु. १ मिमी. असते, म्हणून ते ३ मिमी. जाडीच्या कवचास योग्य ठरते. त्याहून पातळ कवचास इंचात ३२ दातांचे पाते घ्यावे व करवत तिरपी धरावी, म्हणजे अधिक दात कवचावर टेकतात. लाकूड कापण्याच्या करवतीचे दात विरळ असल्याने पातळ कड दोन दातांमध्ये अडकते व तिचा तुकडा पडतो. हातकरवतीत वेग कमी असल्याने उष्णता फारशी होत नाही व धूळ जाड असते. परंतु पाती लवकर झिजतात आणि करवतीची चौकट आड येत असल्याने कडेपासून दूरचा काप घेता येत नाही. पत्रा कापण्याची कात्री मात्र वापरू नये. तिच्या जबड्यात कवच वाकते व कापाच्या दोन्ही बाजूंस पांढरट पट्टा उमटतो. आतील राळ तडकून थर सुटल्याची ती खूण असते.

जिगसॉ : विजेच्या चलित्रावर वरखाली चालणाऱ्या अरुंद पात्याच्या या करवतीने वक्र काप सहज घेता येतात. तिच्या सामान्य पात्याचे दात वरच्या दिशेस असल्याने पाते वर येताना कापते. म्हणून जेलकोट वरच्या बाजूस ठेवून कापल्यास त्याचे टवके उडतात. यावर तीन उपाय आहेत : भाग उलटा ठेवून आतल्या बाजूने कापणे, खालच्या दिशेस दात असलेले पाते लावणे किंवा दात नसलेले पाते वापरणे. शेवटचा उपाय सर्वांत चांगला. अशा पात्याच्या कडेवर टंगस्टन कार्बाइडचे कण पक्के बसविलेले असतात. ते कवच ओरबाडत नाहीत, घासून नेतात व पोलादी पात्यांच्या मानाने अनेक पट टिकतात. करवतीचा तळ जेलकोटवर ओरखडे पाडतो, म्हणून कापरेषेवर रुंद चिकटपट्टी लावून तिच्यावरच रेषा आखतात. या पट्टीमुळे टवकेही कमी उडतात. पातळ भाग थरथरू नये म्हणून त्यास कापाच्या जवळ लाकडी पट्टीचा आधार देतात. जिगसॉचे पाते कवचाच्या पलीकडे बरेच बाहेर येते. मागे काय आहे हे ठाऊक नसताना ही करवत चालविणे धोक्याचे असते.

फिरती चकती : अँगल ग्राइंडर या हातयंत्रावर १०० मिमी. व्यासाची चकती मिनिटाला सु. ११,००० फेऱ्यांनी फिरते. म्हणजे तिची कड सेकंदाला सु. ५८ मी. वेगाने कवचावरून जाते. सरळ किंवा किंचित वक्र लांब काप घेण्यासाठी याहून जलद साधन छोट्या कारखान्यात आढळत नाही. चकती दोन प्रकारची असते. सु. १ मिमी. जाडीची अपघर्षक चकती स्वस्त असते, पण ती स्वतः झिजून तिचा व्यास कमी होत जातो व ती अधिक तापते. पोलादी चकतीच्या कडेवर हिऱ्याचे कण बसविलेली चकती महाग असली, तरी तिचा व्यास जवळजवळ कायम रहातो व कापाची कड सुबक येते. चकती सरळ रेषेतच चालते. तिला लहान वळणावर वळविण्याचा प्रयत्न केल्यास ती कापात आवळली जाऊन यंत्र हाताला झटका देते. लाकूड कापण्याची दातेरी चकती अशा यंत्रास लावणे तर अत्यंत घातक होय; एक दात अडकला तरी यंत्र हातातून सुटते. चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नाही, हे प्रत्येक वेळी पहावे लागते. जलद फिरणारी चकती धुळीचा लोट दूरवर फेकते, हा तिचा मुख्य दोष होय.

वायुचलित यंत्रे : दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या लहान यंत्रांस सु. ७५ मिमी. व्यासाची चकती लावतात. ती हलकी असल्याने उभ्या व अडचणीच्या जागी सोयीची असतात. विजेच्या चलित्रात थंड होण्यासाठी हवा ओढली जाते व तिच्याबरोबर काचेची धूळ शिरून धारवे व गुंडाळ्या खराब होतात. वायुचलित यंत्रात ही अडचण कमी असते. पाण्याचा शिडकावा करून धूळ बसवावयाची झाल्यास विजेचा धक्का बसण्याचा धोकाही त्यात नसतो. मात्र त्यांना पुरेशी हवा पुरविणारा मोठा संपीडक लागतो.

आंदोलक करवत : या हत्याराचे पाते पूर्ण फेरा न घेता काही अंशांच्या कोनातून मिनिटाला हजारो वेळा इकडून तिकडे हलते. त्याचा उगम वैद्यकातील आहे. मोडलेल्या हाडावर घातलेले प्लास्टर कापण्यासाठी होमर स्ट्रायकर या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकांनी अशी करवत तयार केली होती व जर्मनीतील फाइन कंपनीने १९६७ मध्ये त्याच कामासाठी विजेची आंदोलक करवत काढली. मऊ कातडी पात्याबरोबर हलते व बचावते. कठीण प्लास्टर हलू शकत नाही म्हणून कापले जाते. काचतंतूंच्या कामात या हत्याराचे तीन फायदे आहेत : कवचाच्या मध्यभागी भोक न पाडता सरळ काप सुरू करता येतो, पाते किती खोल जाते यावर ताबा रहातो व धूळ दूर फेकली जात नाही. काम सावकाश होते, हा दोष होय. हिऱ्याचे किंवा कार्बाइडचे कण लावलेले पाते यात वापरावे.

राउटर : एकसारखे अनेक भाग छाटावयाचे असल्यास राउटर हे यंत्र उपयोगी पडते. त्यात टंगस्टन कार्बाइडचा बोटाएवढा कर्तक मिनिटाला २०,००० अथवा अधिक फेऱ्यांनी फिरतो. काचतंतूंसाठी केलेल्या कर्तकावर सलग धारेऐवजी एकमेकांना छेदणाऱ्या खाचांमुळे चौकटीच्या आकाराचे बारीक दात तयार झालेले असतात. ते तंतूंचे लहान तुकडे करतात व कवचाला उचलत नाहीत. लाकडाच्या किंवा पत्र्याच्या नमुनापट्टीला टेकवून यंत्र फिरविल्यास प्रत्येक भागाची कड तंतोतंत सारखी येते. एकच भाग छाटावयाचा असेल, तर नमुनापट्टी करण्याचा खटाटोप परवडत नाही.

भोके पाडणे : लहान भोके ड्रिलने जेलकोटच्या बाजूने व मागे लाकडी ठोकळा धरून पाडतात, आधार नसल्यास ड्रिल बाहेर पडताना मागचे थर फाटतात. मोठ्या गोल भोकासाठी कपाच्या आकाराची गोल करवत वापरतात. जेलकोटमधून जाईपर्यंत ही करवत उलटी फिरवितात, म्हणजे दात ओरबाडत नाहीत व कड स्वच्छ येते. त्यानंतर ती सुलटी फिरवितात. स्क्रूच्या भोकाचे तोंड जेलकोटच्या जाडीइतके शंक्वाकार रुंद करतात. असे न केल्यास स्क्रू आवळताच जेलकोटमध्ये ताऱ्याच्या आकाराच्या चिरा पडतात. चौकोनी झरोका कापताना चारही कोपऱ्यांत आधी गोल भोके पाडून मग ती सरळ कापांनी जोडतात. तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो व गाडीच्या हादऱ्यांनी तेथून चीर सुरू होते.

कड पुरी करणे : कोणत्याही यंत्राने अंतिम रेषेवर काप घेऊ नये, असा अनुभवी कारागिरांचा प्रघात आहे. रेषेच्या बाहेर २ ते ३ मिमी. सोडून कापतात व उरलेला भाग घासून काढतात. यासाठी जाड दातांची अर्धगोल कानस किंवा ठोकळ्यावर गुंडाळलेला ८० क्रमांकाचा अपघर्षक कागद वापरतात. कानस जेलकोटकडून आतल्या दिशेने चालवितात व परतताना उचलून घेतात. शेवटी १२० व पुढे २२० क्रमांकाचा कागद, शक्य तर पाण्यासह, फिरवितात. कापलेल्या कडेवर हजारो तंतूंची टोके उघडी पडतात आणि तंतू व राळ यांच्यामधील सूक्ष्म फटींतून ओलावा आत झिरपतो. म्हणून अशा कडेवर राळेचा हात देणे आवश्यक असते. हे काम दिसत नसल्याने पुष्कळदा वगळले जाते आणि काही पावसाळ्यांनंतर कडेचे थर सुटू लागतात.

निवडीचे एक उदाहरण : कॉर्व्हेट गाडीच्या चाकांवरील कमानी मोठ्या करणे, हे काम अमेरिकेत शर्यतीचे रुंद टायर बसविण्यासाठी १९६० ते १९८० या काळात पुष्कळ जणांनी केले. येथे काप वक्र असतो, त्याची कड सतत दिसते आणि कवचाच्या मागे काय आहे हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. १९६३ पासूनच्या गाड्यांत प्रवाशांच्या कक्षाभोवती पोलादी पिंजरा आहे; शिवाय कायेचे भाग जेथे जुळतात, तेथे मागून काचतंतूंच्याच पट्ट्या चिकटविलेल्या असून कवच दुप्पट जाड असते. चकती वक्रतेमुळे गैरसोयीची. हातकरवत चौकटीमुळे अडणारी. कमानीच्या मोकळ्या भागात कार्बाइडचे कण लावलेल्या पात्याची जिगसॉ आणि मागे पोलाद किंवा तारा असतील तेथे आंदोलक करवत, अशी जोडी योग्य ठरते. काप रेषेपासून दूर घेऊन अपघर्षक कागद लावलेल्या फिरत्या रुळाने रेषेपर्यंत आणतात व कड राळेने बंद करतात.

असा काप चुकल्यास तो भरून काढता येतो. पण दुरुस्तीचा सांधा बळकट होण्यासाठी कवचाची कड जाडीच्या सु. १२ पट अंतरापर्यंत उतरती घासावी लागते. ३ मिमी. जाडीच्या कवचात हे अंतर ३६ मिमी. होते. थोडक्यात, करवतीच्या एका चुकीच्या वळणापायी हाताएवढी जागा घासून पुन्हा थर द्यावे लागतात. ज्या कॉर्व्हेट गाड्यांच्या कमानी त्या काळात कापल्या गेल्या, त्यांच्या मूळ रूपाला आज संग्राहक अधिक किंमत देतात. लोटस एलीटसारख्या गाडीत हा प्रश्न याहून गंभीर असतो. कॉर्व्हेटला भार पेलणारा वेगळा साटा, म्हणजे चॅसिस, आहे. एलीटमध्ये कायाच भार पेलते. तेथे कोठेही घेतलेला काप गाडीच्या बळकटीलाच हात घालतो.

धूळ व संरक्षण : कापताना निघणाऱ्या धुळीत काचतंतूंचे तुकडे व राळेची भुकटी असते. प्रबलनासाठी वापरलेले तंतू बहुधा १० मायक्रॉन किंवा अधिक जाडीचे असतात आणि ते ॲस्बेस्टसप्रमाणे उभे चिरले न जाता आडवे तुटतात. त्यामुळे फुप्फुसांच्या खोल भागात पोहोचण्याइतके बारीक तंतू त्यांतून सहसा निर्माण होत नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मधील फेरविचारात सलग काचतंतूंचे कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही, असे ठरविले. स्टायरीनला मात्र याच संस्थेने २०१८ मध्ये बहुधा कर्करोगकारक ठरविले आहे. धूळ निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. तंतूंच्या टोकांनी कातडीला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, घसा व श्वासनलिका यांचा दाह होतो, आणि राळेची बारीक भुकटी फुप्फुसांपर्यंत पोहोचते. दीर्घकाळ थरथरणारी यंत्रे हातात धरल्याने बोटांतील रक्ताभिसरणही बिघडते.

तोंडावर बांधलेला रुमाल अशा धुळीला अडवू शकत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा गाळणीयुक्त मुखवटा, बाजूने बंद चष्मा, लांब बाह्यांचे कपडे व कर्णरोधक ही आवश्यक साधने होत. फिरत्या यंत्राजवळ सैल कपडे मात्र नसावेत. कापाच्या जागीच धूळ ओढून घेणारी शोषक नळी लावणे हा मुखवट्याहून मूलगामी उपाय आहे, कारण शेजारी काम करणाऱ्यांनाही त्याचा लाभ होतो. कामानंतर अंग चोळू नये. प्रथम थंड पाण्याने धुवावे व मग साबण लावावा. अंगावरील धूळ दाबलेल्या हवेने उडविण्याची सवय वाईट असून कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत.

कारखान्यांतील पद्धती : मोठ्या उत्पादनात भाग घडविण्याची रीतच बदलली. राळ, खनिज भुकटी व काचतंतू यांच्या मऊ चादरी तापलेल्या जोडसाच्यांत दाबल्यास दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असा भाग मिळतो व त्याच्या कडेवर फक्त पातळ पापुद्रा उरतो. तो कानशीने काढता येतो. कॉर्व्हेटच्या कायेसाठी १९७० नंतरच्या दशकात या पद्धतीचा स्वीकार झाला. भोके व कडा यांसाठी संगणकनियंत्रित कर्तक आणि १९८० नंतर अपघर्षकयुक्त जलझोत वापरात आले. जलझोतात गार्नेट या खनिजाचे कण मिसळलेले पाणी हवेच्या दाबाच्या काही हजार पट दाबाने बारीक छिद्रातून सोडतात. यात धूळ उडत नाही व काप तापत नाही. पण झोताने कवचाच्या मध्येच भोक पाडू गेल्यास थर सुटतात, म्हणून आधी लहान भोक पाडून घेतात. लेसर किरणाने काचतंतू-प्लॅस्टिक कापणे फारसे रूढ झालेले नाही. काच वितळण्यास लागणाऱ्या तापमानाच्या कितीतरी आधी राळ जळते. त्यामुळे कड करपते व विषारी धूर होतो.

छोट्या कारखान्यात आजही सुरी, करवत, चकती व कानस हीच मुख्य हत्यारे आहेत. थोडक्यात निवड अशी सांगता येईल : नवा भाग साच्यात असेल तर सुरी, लांब व सरळ कापास हिऱ्याची चकती, वक्र कापास कणयुक्त पात्याची जिगसॉ, मागची बाजू अज्ञात असेल तर आंदोलक करवत, अनेक सारख्या भागांस राउटर, आणि सर्वांच्या शेवटी कानस व कागद. साधने थोडी असली, तरी साध्या हातकरवतीने सावकाश घेतलेला काप व त्यामागून चालविलेली कानस यांनीही निर्दोष कड मिळू शकते. वेळ वाचविण्यासाठी यंत्र घेतल्यावर धूळशोषक व मुखवटा यांवरचा खर्च त्या यंत्राच्या किंमतीतच धरावयास हवा, कारण कवचाची चूक पुन्हा थर देऊन भरता येते, फुप्फुसांच्या बाबतीत तशी सोय नाही.